एकच पगार, चार हप्ते आणि नोकरीची धास्ती: बचतीतून कर्ज फेडावं की पैसे हातात ठेवावेत?

तुम्ही विचारलंय ते असं. घरात कमावणारा एकटा नवरा. त्याच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज तीन महिन्यांपासून चालू आहे. घराचं कर्ज, गाडीचं कर्ज, एक वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी, म्हणजे दर महिन्याला चार ठिकाणी पैसे जातात. थोडी बचत आहे. ती घालून कार्ड एकदाचं मिटवावं की पैसे तसेच राहू द्यावेत, हे ठरत नाही. रात्री तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. नवऱ्याकडे विषय काढला की तो चिडतो.

आधी छोटं उत्तर. बचत मोडून आज कार्ड मिटवू नका, पण कार्ड आहे तसंही चालू ठेवू नका. असं का म्हणते, ते आकड्यांनिशी लिहिते. कारण उद्या परिस्थिती बदलली की निर्णय तुम्हालाच नव्याने घ्यावा लागेल, आणि तेव्हा माझं उत्तर नाही, हिशेबाची रीत कामाला येईल.

तुमच्या प्रश्नात एकूण कर्ज किती हे दोनदा आलं आहे. पगार थांबला तर घर किती महिने चालेल, हे मात्र एकदाही आलेलं नाही. या काळजीत असलेल्या बहुतेक घरांत हेच होतं. एकूण कर्जाचा आकडा तोंडपाठ असतो, तो रात्रभर डोक्यात फिरतो, पण या महिन्यात काय करायचं याचा एकही निर्णय त्याच्यावर अवलंबून नसतो. घराचं कर्ज अठरा वर्षांत फेडायचं आहे, ते कुणी उद्या एकरकमी मागायला येत नाही. ‘नोकरी जाईल का’ याचं उत्तरही घरात बसून मिळणार नाही. ‘गेली तर किती महिने तग धरू’ याचं उत्तर मात्र आज संध्याकाळी कागदावर काढता येतं.

हिशेबासाठी मी नवऱ्याच्या हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरते आणि बाकी सगळं त्या प्रमाणात मांडते. म्हणजे तुमचे आकडे उघडे पडत नाहीत आणि दुसऱ्या कुणालाही स्वतःचे आकडे बसवता येतात. व्याजदर मी धरलेले आहेत, तुमच्या करारातले दर घालून पुन्हा करा.

घराचा हप्ता ३२, वर्षाला ९ टक्के दर, १८ वर्षं बाकी. गाडीचा हप्ता ९, आठ महिने बाकी. वैयक्तिक कर्जाचा हप्ता ८, दर १५ टक्के, दोन वर्षं बाकी. कार्डाची थकबाकी ९०, दर महिन्याला ३ टक्के व्याज, आणि तुम्ही किमान रक्कम म्हणजे ५ टक्के, साडेचार भरता. घरखर्च ४४. एकूण जातात ९७.५. बचत १५०. म्हणजे आज पगार थांबला आणि काहीही बदललं नाही, तर घर दीड महिना चालेल.

हा आकडा वाचून पोटात गोळा येईल, मला कल्पना आहे. तरीही तो लिहून काढा, कारण आता तो वाढवता येतो.

पहिला हात घरखर्चाला. इथे एक काळजी घ्या. आठवणीवर जाऊ नका, बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट समोर घ्या. शिवाय वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च वेगळे लिहून १२ ने भागा: विम्याचा हप्ता, मुलांची फी, गाडीची दुरुस्ती, कर. तगण्याचा हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. माणसं चार महिन्यांचा अंदाज धरतात आणि दुसऱ्याच महिन्यात शाळेची फी येते.

मग काटकसरीच्या महिन्याची यादी करा: पगार नसेल तेव्हा ज्यावर घर चालेल तेवढीच. तुमच्या बाबतीत ४४ चे ३० होऊ शकतील असं वाटतं. पण बघा, ३० केले तरी हप्त्यांसह ८३.५ जातात आणि तग दीड महिन्यावरून जेमतेम १.८ महिन्यांवर जाते. पोटाला चिमटा घेऊन एवढंच मिळणार असेल तर माणूस हताश होतो. म्हणून काटकसर पगार थांबल्यावर करण्यात फारसा अर्थ नाही. ती पगार चालू असताना करायची असते. आजपासून काटकसरीच्या यादीवर घर चालवलंत तर महिन्याला १६ ते १७ उरतात, सहा महिन्यांत १०० च्या आसपास. म्हणजे एक पूर्ण पगार बाजूला पडतो. सहा महिने असं जगणं सगळ्यांना जमेलच असं नाही. लहान मूल, आजारी माणूस घरात असेल तर ३० चे ३५ धरा, पण खरे धरा.

आता कार्ड. ९० वर महिन्याला ३ टक्के म्हणजे २.७ व्याज. तुम्ही साडेचार भरता, त्यातले २.७ व्याजात जातात, मुद्दल जेमतेम १.८ ने कमी होतं. नवी खरेदी एकही केली नाही, पण दर वेळी उरलेल्या थकबाकीच्या ५ टक्केच भरत राहिलात, तर ती निम्मी व्हायला सुमारे पावणेतीन वर्षं लागतील. काहीच भरलं नाही तर दंड सोडूनही ती दोन वर्षांत दुप्पट होते. तेव्हा कार्ड मिटवावंसं वाटणं अगदी रास्त आहे. नोकरी पक्की असती तर मीही तेच म्हटलं असतं.

पण आज बचतीतून ९० दिले तर हातात ६० उरतात आणि काटकसरीचा महिना ७९ चा होतो. तग: पाऊण महिना. न देता ठेवले तर १.८. म्हणजे कार्ड मिटवण्याची किंमत तुम्ही एका महिन्याच्या तगेने मोजता. उलट बाजूने पाहा: ९० बचतीत ठेवल्याचा तोटा किती? कार्डाचं व्याज २.७ वजा ठेवीवर मिळणारं व्याज, साधारण २.२ ते २.३ महिन्याला. घर एका पगारावर उभं आहे आणि तो पगार हलतोय, अशा वेळी हा खर्च विम्याच्या हप्त्यासारखा समजा. काही जण म्हणतात, कार्ड भरून टाकू, गरज पडली तर पुन्हा वापरू. यावर विसंबू नका. कार्ड देणारी संस्था मर्यादा कधीही कमी करू शकते, आणि पगार जमा होणं थांबलं की ती कमी होण्याची शक्यताच जास्त.

मधला मार्ग आहे. कार्डाची थकबाकी हप्त्यांच्या कर्जात बदलून घेता येते का ते विचारा. त्याच संस्थेकडे किंवा तुमच्या बँकेत. ९० चं कर्ज १६ टक्के दराने दोन वर्षांसाठी मिळालं तर हप्ता ४.४ येतो. म्हणजे आज जी किमान रक्कम भरता तेवढ्याच पैशात दोन वर्षांत कर्ज संपतं, आणि बचतीला हात लागत नाही. दर १६ मिळेल की २०, हे तुमच्या परतफेडीच्या नोंदीवर ठरेल. २० टक्क्यांनीही हप्ता ४.६ च्या आसपास येतो, तरीही घ्यावं. प्रक्रिया शुल्क किती ते आधी विचारा आणि ते हिशेबात धरा.

यात दोन गोष्टी बिघडतात. एक, कर्ज बदलून झालं की कार्ड रिकामं दिसतं आणि सहा महिन्यांत ते पुन्हा भरतं. मग हप्ताही आहे आणि थकबाकीही. कार्ड घरात कपाटात ठेवा, फोनवरच्या दुकानांतून त्याचा नंबर काढून टाका. दोन, हे काम पगारपत्रक हातात असेपर्यंतच होतं. नोटीस हातात पडल्यावर ती लपवून अर्ज करू नका. अर्जात खोटी माहिती दिली हे उघडकीला आलं तर ते कर्ज तिथल्या तिथे परत मागता येईल असं कलम बहुतेक करारांत असतं. आज फक्त कुजबुज आहे, नोटीस नाही. म्हणूनच हे याच महिन्यात करा.

पुढचा प्रश्न बहुधा हा असेल की मध्ये कुठून एकरकमी पैसे आले, बोनस म्हणा, तर कोणतं कर्ज आधी फेडायचं. एरवीचा नियम सोपा आहे, ज्याचं व्याज जास्त ते आधी. उत्पन्न डळमळीत असताना मी आणखी एक भागाकार करायला सांगते: कर्जाची उरलेली रक्कम भागिले हप्ता. यातून कळतं की आज दिलेले पैसे हप्ता वाचून किती महिन्यांत परत हातात येतील. गाडीची शिल्लक साधारण ६९, हप्ता ९, म्हणजे पावणेआठ महिने. कार्ड ९० भागिले साडेचार, वीस महिने. वैयक्तिक कर्ज १६५ भागिले ८, एकवीस महिने. घर ३,४१७ भागिले ३२, शंभरहून जास्त. व्याज सर्वांत जास्त कार्डाचं, पण महिन्याचा भार सर्वांत स्वस्तात कमी होतो तो गाडीचं कर्ज संपवून. नोकरीला निदान आठ-नऊ महिने धोका नाही असं वाटत असेल तर जादा आलेला पैसा गाडीवर घाला. धोका त्याहून जवळ असेल तर तोही रोख ठेवा. घराच्या कर्जात थोडे थोडे जादा पैसे भरणं चांगली सवय आहे, पण या काळात नको. त्यामुळे मुदत कमी होते, पुढच्या महिन्याचा हप्ता कमी होत नाही.

आता पगार खरोखर थांबला तर. बहुतेक माणसं सर्वांत मोठ्या हप्त्याकडे, म्हणजे घराकडे धावतात: मुदत वाढवून द्या, हप्ता कमी करा. इथे थांबून हिशेब करा. घराची मुदत १८ वर्षांवरून २५ केली तर हप्ता ३२ वरून २८.७ होतो, म्हणजे ३.३ वाचतात. वैयक्तिक कर्जाची मुदत दोन वर्षांवरून चार केली तर हप्ता ८ वरून ४.६ होतो, ३.४ वाचतात. सवलत जवळजवळ तेवढीच. जादा व्याज मात्र घराच्या बाबतीत सुमारे १,७००, म्हणजे सतरा पगार, आणि वैयक्तिक कर्जात सुमारे २८, म्हणजे पाव पगार. दर वैयक्तिक कर्जाचा जास्त असूनही.

कारण असं की लांब मुदतीच्या कर्जाच्या हप्त्यात सुरुवातीची वर्षं व्याजच असतं. तुमच्या घराच्या ३२ पैकी जवळजवळ २५.६ व्याज आहे, ८० टक्के. त्यामुळे ‘सध्या फक्त व्याज भरा’ अशी सवलत मिळाली तरी साडेसहाचीच सुटका. हेच कर्ज पाच वर्षांत संपणार असतं तर हप्त्यात व्याज ३६ टक्केच असतं आणि तीच सवलत फार मोलाची ठरली असती. हप्ते काही महिने पूर्ण थांबवण्याचंही तसंच. तीन महिने थांबवले, त्या काळाचं व्याज मुद्दलात चढलं आणि हप्ता तोच ठेवला, तर १८ वर्षांच्या कर्जाला शेवटी तेराच्या आसपास जादा हप्ते लागतात. पाच वर्षं बाकी असलेल्या कर्जाला दोनही लागत नाहीत.

याचा अर्थ घराच्या हप्त्याला स्थगिती घेऊच नये असा नाही. तुमच्या घरचा तो सर्वांत मोठा हप्ता आहे आणि घरात रोख संपत आली असेल तर तीन महिन्यांचे ९६ म्हणजे एक महिन्याहून जास्त तग. शेवटचा उपाय म्हणून घ्या, आणि पगार सुरू झाल्यावर मुद्दलात चढलेलं व्याज, तुमच्या बाबतीत साधारण ७८, शक्य तितक्या लवकर वेगळं भरून टाका. ते भरलं की ते तेरा हप्ते जवळजवळ गळून पडतात.

कर्ज देणाऱ्याशी कधी बोलायचं? पहिला हप्ता चुकण्याआधी. पहिला हप्ता चुकेपर्यंत तुम्ही वेळेवर भरणारे ग्राहक असता, चुकल्यावर वसुलीच्या यादीतलं नाव होता, आणि बोलणारा माणूसही बदलतो. फोनवर बोला, पण त्याच दिवशी तेच ईमेलने लिहून पाठवा. पत्रात रडगाणं नको, चार ओळी पुरतात: नोकरी अमुक तारखेला थांबली, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, पुढचे इतके महिने मी इतके भरू शकते, त्यासाठी मुदत अशी वाढवून हवी. झेपेल तोच आकडा लिहा. भीतीपोटी मोठा आकडा कबूल करून दुसऱ्या महिन्यात तो मोडला की तिसऱ्यांदा कुणी ऐकत नाही. सही करण्याआधी विचारा: सवलतीच्या काळात व्याज चढणार का, दंड लागणार का, आणि पतनोंदीत हे ‘पुनर्रचना’ म्हणून दिसणार का. सवलत मिळेल की नाही, आणि कोणती, हे संस्थेवर, तुमच्या करारावर आणि तिथल्या कायद्यावर अवलंबून आहे. त्यामुळे तोंडी ‘होऊन जाईल’वर हप्ता थांबवू नका, लेखी येऊ द्या.

दोन बारीक गोष्टी, ज्या ऐनवेळी महागात पडतात. पहिली, ज्या बँकेचं कर्ज आहे तिथेच सगळी बचत ठेवू नका. हप्ता थकला तर त्याच बँकेतल्या तुमच्या ठेवीतून तो वळता करून घेण्याचा हक्क बऱ्याच करारांत असतो. गंगाजळी दुसऱ्या बँकेत ठेवा. दुसरी, खात्यातून आपोआप जाणारे हप्ते. पगार थांबल्यावर खात्यात पैसे नसताना हप्ता ओढायचा प्रयत्न झाला की तुमची बँक दंड लावते आणि कर्ज देणाराही लावतो. कोणता हप्ता कोणत्या तारखेला जातो याचा कागद करून फ्रिजवर नाही, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

सगळ्यांना पुरणार नाही असा महिना आलाच, तर क्रम आधी ठरलेला हवा. माणसं नकळत ज्याचे फोन जास्त येतात त्याला आधी पैसे देतात, आणि फोन जास्त येतात ते बिनतारण कर्जाचे. क्रम असा ठेवा: अन्न, औषधं, वीज-पाणी आणि काम शोधायला लागणारा फोन-इंटरनेट. मग विमा, कारण एकट्या कमावत्याचा आयुर्विमा आणि घराचा आरोग्य विमा खंडित होणं हे एका हप्त्याच्या दंडापेक्षा कितीतरी भयंकर. मग घर. गाडी कामाला लागत असेल तर गाडी. कुणी तुमच्यासाठी जामीन राहिलं असेल तर ते कर्ज वर घ्या, नाहीतर कर्ज तर जातंच, माणूसही जातो. वैयक्तिक कर्ज आणि कार्ड शेवटी. ते बुडवायचे नाहीत, त्यांना कळवून उशिरा द्यायचे. एका कार्डावरून पैसे काढून दुसऱ्याचा हप्ता, फोनवरच्या अॅपवरून पाच मिनिटांत कर्ज, ही याची टोपी त्याला घालण्याची सुरुवात असते. तिथे दर आणि शुल्क मिळून कार्डापेक्षाही वर जातात. ‘आधी फी भरा, कर्ज अर्ध्यात मिटवून देतो’ म्हणणाऱ्यांनाही दारात उभं करू नका.

एवढं केल्यावर तुमचं चित्र कसं दिसतं? कार्ड हप्त्यांत बदललं, सहा महिने काटकसरीत काढले, बचत २५० झाली. नोकरी गेली तेव्हा वैयक्तिक कर्जाची मुदत वाढवून मिळाली. महिन्याला ८० लागतात, दोन महिन्यांनी गाडीचं कर्ज संपतं आणि ७१ लागतात. तग सव्वातीन महिने, घराच्या हप्त्याला हातही न लावता. नोटीसच्या काळाचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे, पण अंतिम हिशेब अनेकदा उशिरा मिळतो, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत ते धरू नका. कंपनीकडून घेतलेली उचल त्यातून कापली जाते, हेही लक्षात असू द्या. तुम्ही स्वतः घरून काही करून महिन्याला १५ जरी आणू शकलात तर तग चार महिन्यांच्या वर जाते. पगाराच्या मानाने १५ किरकोळ वाटतात, पण तुटवड्याच्या महिन्यात ते फार दूर नेतात. ही सुरुवातही आजच करायला हवी. पगार थांबल्यावर पहिलं गिऱ्हाईक शोधणं जड जातं.

आता झोपेचं. कुजबुज रोज ऐकायची आणि रोज नव्याने घाबरायचं, हे शरीर फार काळ सोसत नाही. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्याच शेतकऱ्यांची ऊस कापणीच्या आधी आणि नंतर चाचणी घेतली होती. कापणीआधी, म्हणजे पैशांची ओढाताण असताना, विचार करण्याच्या चाचण्यांत तीच माणसं मागे पडली. तेव्हा रात्री तीनला तुम्हाला काही सुचत नाही यात तुमच्या अकलेचा दोष नाही. त्या वेळी कुठलाही निर्णय घेऊ नका, इतकंच.

निर्णय दिवसा आणि आधी घेऊन ठेवा. त्यासाठी धोक्याच्या तीन पायऱ्या लिहा. आत्ता आहे ती कुजबुज: यात कार्ड बदलणं, काटकसर, आणि नवऱ्याचा बायोडेटा ताजा करणं. पगार उशिरा होणं, शेजारच्या विभागातली माणसं जाणं, कंत्राटांचं नूतनीकरण थांबणं ही दुसरी पायरी: मोठी खरेदी बंद, कंपनीचा आरोग्य विमा किती तारखेपर्यंत चालेल याची चौकशी, सगळे कर्जकरार काढून मुदतवाढीची कलमं वाचणं. नोटीस ही तिसरी: त्याच आठवड्यात कर्ज देणाऱ्यांना पत्रं. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घुसत राहतं, पण ते कधी, कसं करायचं याची नेमकी योजना झाली की काम न होताही ते घुसणं थांबतं. पायऱ्यांचा उपयोग तोच. पहिल्या पायरीवर असताना तिसऱ्या पायरीचं काम करायचं नसतं.

काळजीला ठरलेली वेळ द्या, रोज संध्याकाळी अर्धा तास, त्याच खुर्चीत. दिवसभरात विचार आला की वहीत दोन शब्द लिहायचे आणि संध्याकाळवर ढकलायचा. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासली होती, आणि ती आजही वापरली जाते. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. ‘बँकेचं बघणे’ असं नको, ‘११ वाजता फोन, कार्ड हप्त्यांत बदलण्याचा दर विचारणे’ असं लिहा. पहिले दोन-तीन आठवडे हे कृत्रिम वाटेल. तेवढा वेळ द्या.

नवऱ्याचं चिडणं. एकट्या कमावत्याला ‘पैशांचं काय करायचं’ हा प्रश्न ‘तू कमी पडतोयस’ असा ऐकू येतो, तुम्ही तसं म्हटलेलं नसतानाही. म्हणून तोंडी विषय काढण्याऐवजी कागद पुढे करा. तग किती हा हिशेब तुम्ही आधी करून ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी, मुलं समोर नसताना, एवढंच म्हणा: ‘मी हिशेब मांडलाय, दोन आकडे माझ्याकडे नाहीत, ते तू भर.’ नोटीसचा काळ किती आणि शिल्लक रजा किती, हे दोन आकडे त्याच्याकडेच असतात. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या वर बसू नका, आणि मागच्या खर्चांचा पंचनामा अजिबात नको. गाडी कुणाच्या हट्टाने घेतली हा विषय निघाला की ती बैठक संपली.

आणखी एक, हे मी प्रत्येक घराला सांगते. ‘माझ्यापेक्षा माझ्या विम्याचे पैसे तुमच्या जास्त उपयोगाचे’ असं काही त्याच्या, किंवा तुमच्या, तोंडून एकदा जरी निघालं, मस्करीत निघालं तरी, ते मस्करीवर नेऊ नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनशी बोला. हिशेब पुढच्या आठवड्यात होईल.

तुम्ही न लिहिलेल्या दोन गोष्टींनी माझं उत्तर बदलू शकतं. वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडल्यास किंवा मुदत वाढवल्यास शुल्क किती, आणि बचतीचे १५० कुठे आहेत. ते मुदत ठेवीत असतील आणि मोडायला दंड असेल तर निदान दोन महिन्यांचा काटकसरी खर्च साध्या बचत खात्यात हलवा. ते शेअर बाजारात असतील तर त्यांना १५० धरू नका. बाजार पडतो आणि कंपन्या माणसं कमी करतात, या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच वेळी होतात. तिथले १०० धरून हिशेब पुन्हा मांडा, मग कार्ड बदलण्यासाठी फोन करा.